पहिल्यांदा नाणेघाट चढताना

पहिल्याच खेपेला शेजारचा जीवधन किल्ला जोडायचा हट्ट धरू नकोस. त्याच्या कातळातल्या पायऱ्या नवख्यासाठी नाहीत. आधी नुसता नाणेघाट, म्हणजे कोकणातून जुन्नरकडे चढणारी जुनी घाटवाट कर, तीही कोकणाच्या बाजूने. कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी एसटी वैशाखऱ्याच्या पुढे, वाटेच्या फाट्यावर सोडते. सुरुवातीला झाडोरा, मग दगडांची चढण. नवख्याने तीन तास धरावेत. उन्हाळ्यात नको, भर पावसात दगड शेवाळतात. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम.

वर पोहोचलास की लगेच कड्यावर फोटोला पळू नकोस, आधी लेण्यात जा. सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख तिथे भिंतींवर आहे. यज्ञ आणि त्यांत दिलेलं दान यांची नोंद आहे ती, भारतातले फार जुने अंकही त्यात सापडतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या मूर्ती होत्या, आता बहुतेक पायांचे अवशेष आणि वरची नावं उरलीत. बॅटरी तिरपी धर, अक्षरं उठून दिसतील. त्यांवर हात फिरवू नकोस, खडू किंवा पाणी तर अजिबात नको. एवढं मी अगदी कळकळीने सांगतो.

घाटमाथ्यावर जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण बघ. मग पठारावरून, भातखाचरांच्या कडेने घाटघर गावाला उतर. पायांत जोर असेल तर पुढे पूर गावचं कुकडेश्वर मंदिर गाठ, तिथलं कोरीवकाम सावकाश बघण्यासारखं आहे. पाणी तीन लिटर घे आणि जुन्नरच्या शेवटच्या एसटीची वेळ घाटघरला पोहोचताच विचारून ठेव.