पहिल्यांदाच माशांच्या टाकीत खरी झाडं लावतोयस? मग हे वाच

भावा, सुरुवात अनुबियास आणि जावा फर्ननं कर. दोन्ही कमी उजेडात तगतात, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची कटकट नाही. फक्त त्यांचं जाड आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, कुजतं. काळ्या दोऱ्यानं लाकडाला नाहीतर दगडाला बांध, मुळं आपोआप धरतात. वॅलिस्नेरिया मात्र वाळूतच लाव. पानं जिथनं फुटतात तो पांढरट भाग तेवढा वर राहू दे.

लाइट दिवसाला 6 ते 8 तास, टायमर लावूनच. त्यावर गेलास की काचेवर शेवाळ आलंच म्हणून समज.

दुकानातली झाडं बऱ्याचदा पाण्याबाहेर वाढवलेली असतात. त्यामुळं पहिल्या काही आठवड्यांत जुनी पानं पारदर्शक होऊन गळतात. घाबरून उपटू नको. खोड दाबून बघ, टणक लागलं तर झाड जिवंत आहे.

गोल्डफिश असतील तर नाजूक पाल्याचं काही टाकूच नको, चरून मोकळे होतील.

आणि रंकाळा तलावातनं झाडं आणायचा नाद सोड, गोगलगायींची अंडी फुकट येतात. छाटलेला पालाही तिकडं टाकायचा नाही. पंचगंगेत जलपर्णी कशी पसरलीय बघतोयसच की. छाटलेला पाला वाळवून कुंडीत घाल.