दुखण्याची चाल बदलली तर लक्ष द्या

तुम्हाला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचं (मणक्यांना सूज येऊन ते हळूहळू एकमेकांना जुळू शकतात असा आजार) नवीन निदान झालंय म्हणून आधी एवढंच: या आजाराचं नेहमीचं दुखणं पहाटे जास्त असतं आणि हालचाल केली की सैल पडतं. तुमचं आत्ता तसंच असेल, तर व्यायाम सोडू नका.

पण पुढे कधी हे उलटं झालं, म्हणजे उभं राहिलं, वाकलं की एकाच जागी कळ येते आणि आडवं पडलं की थांबते, तर त्याला 'आजार उफाळला' म्हणून गोळ्या वाढवत बसू नका. मणके जुळून कडक झालेल्या पाठीत एखादी जागा मोकळी राहते किंवा तिथे बारीक फ्रॅक्चर होतं. मग सगळा ताण तिथेच येतो, दोन मणक्यांमधली चकती आणि तिच्या वरखालचं हाड झिजत जातं. याला अँडरसन लीजन (लीजन म्हणजे इजा झालेली जागा) म्हणतात, वर्णन १९३७ सालचं. बहुधा छातीचा कणा संपून कंबर सुरू होते तिथे आढळतं. सुरुवातीला सूजेमुळेही होऊ शकतं, तेव्हा औषधांचा उपयोग होतो. कणा अस्थिर झाला असेल तर मात्र शस्त्रक्रिया लागू शकते.

साध्या एक्स-रेत हे नजरेतून सुटू शकतं. सीटी, एमआरआयबद्दल स्वतःहून विचारा. स्कॅनमधलं चित्र मणक्याच्या टीबीसारखंही दिसतं, म्हणून या आजाराचा पूर्वेतिहास आवर्जून सांगा.

आणि किरकोळ पडल्यावरही नवी कळ आली, पाय बधिर वा अशक्त वाटले, लघवीवर ताबा राहिला नाही, तर त्याच क्षणी इमर्जन्सीत जा. वाकलेली मान किंवा पाठ कुणालाही जबरदस्तीने सरळ करू देऊ नका.