अँटिबायोटिक लॉकच्या सिरिंजा आठवडाभरासाठी आधीच भरून ठेवता येतात का?

तुमचा प्रश्न असा: डायलिसिस कॅथेटरच्या लॉकसाठी (म्हणजे दोन डायलिसिसच्या मधल्या काळात नळीत भरून ठेवायच्या द्रावणासाठी) लागणाऱ्या व्हँकोमायसिन (अँटिबायोटिक) आणि हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) यांच्या सिरिंजा सोमवारी एकदम भरून फ्रीजमध्ये ठेवल्या तर शनिवारपर्यंत चालतील का? कुठल्याशा पेपरात हे मिश्रण 'स्थिर' असल्याचं तुम्ही वाचलंय.

मी हॉस्पिटल फार्मसीत आहे. आमच्याकडे क्लीनरूम (गाळलेल्या हवेची नियंत्रित खोली) नाही, एका कोपऱ्यात लॅमिनार हूड (गाळलेली हवा सोडणारं कामाचं टेबल) आहे. त्यामुळे आम्ही असं करत नाही.

पेपरातलं 'स्थिर' म्हणजे औषधाचा रेणू शाबूत राहिला, एवढंच. भरताना आत जंतू गेला का, हे त्या आकड्यात येत नाही. 'अहो, अँटिबायोटिकच तर आहे, त्यात काय वाढणार?' असं आमच्याकडेही एकाने विचारलं होतं. व्हँकोमायसिन ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंवर चालतं. पाण्यात सुखाने राहणारा स्यूडोमोनास किंवा एखादी बुरशी त्याला भीक घालत नाही. अमेरिकेच्या यूएसपी ७९७ मध्ये (निर्जंतुक औषधं बनवण्याच्या मानकात), १ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, नुसत्या हूडमध्ये बनवलेल्या मिश्रणाला खोलीच्या तापमानात १२ तास आणि फ्रीजमध्ये २४ तास मिळतात. नियमानुसारची क्लीनरूम असेल, सगळे घटक निर्जंतुक असतील, तर स्टेरिलिटी टेस्ट (जंतू नाहीत ना याची तपासणी) न करताही खोलीत ४ दिवस आणि फ्रीजमध्ये १० दिवस. म्हणजे तुमचं उत्तर पेपरात कमी आणि तुमच्या खोलीत जास्त आहे.

आता गढूळपणा. व्हँकोमायसिनवर धन प्रभार, हेपॅरिनवर ऋण. दोघं एकत्र आले की साका धरू शकतो. जेंटामायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचंही तेच. एकदा युनिटमधून सिस्टरचा फोन आला, 'सर, सिरिंजमध्ये दूध दिसतंय.' खाली जाऊन ट्यूबलाइटसमोर धरली तर खरंच ताकाच्या निवळीसारखं. चूक आमचीच होती, दोन्ही औषधं घट्टच एकमेकांत ओतली होती. आता ५०० मिग्रॅची व्हायल १० मिलि पाण्यात विरघळवतो, त्यातलं १ मिलि ४ मिलि सलाइनमध्ये घालतो आणि मग मिलिला ५००० युनिटवालं हेपॅरिन ५ मिलि. म्हणजे प्रति मिलि व्हँकोमायसिन ५ मिग्रॅ आणि हेपॅरिन २५०० युनिट. हलवून काळ्या कागदासमोर बघायचं. गढूळ राहिलं तर बेसिनमध्ये, चर्चा नाही. आणि हे प्रमाण बदललं, हेपॅरिनचा ब्रँड बदलला (प्रिझर्व्हेटिव्ह वेगळं असतं), की पेपरातला आकडा तुमच्या मिश्रणाचा उरत नाही.

सिरिंज ही साठवायची बाटली नव्हे, हेही विसरलं जातं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने काही सिरिंजांबाबत इशारा दिला होता: रबराच्या स्टॉपरमुळे आत साठवलेल्या औषधांची ताकद घटत होती.

आणखी एक हिशोब बहुतेक जण धरत नाहीत. घड्याळ फ्रीजमधून काढल्यावर थांबत नाही. सोम-बुध-शुक्रवाल्या पेशंटचा शुक्रवारचा लॉक सोमवारपर्यंत कॅथेटरमध्ये बसतो, जवळपास ३ दिवस, तोही ३७ अंशांच्या आसपास. २००९ च्या आयडीएसए (अमेरिकेतली संसर्गरोग तज्ज्ञांची संस्था) मार्गदर्शक सूचना एरवी ४८ तासांत लॉक बदला म्हणतात. डायलिसिसवाल्यांना प्रत्येक सत्रानंतर बदलायची सूट आहे. तेव्हा फ्रीजमधले दिवस अधिक आतले तास, अशी बेरीज करून बघा. बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या कुळातलं अँटिबायोटिक) असेल तर आणखी जपून, कारण ती पाण्यात हळूहळू मोडतच असतात आणि उबेत लवकर.

आम्ही काय करतो? सकाळी डायलिसिसची यादी येते, तेवढ्याच सिरिंजा भरतो. लेबलवर वेळ तासासकट, आणि मोठ्या लाल अक्षरात 'फक्त कॅथेटर लॉक, शिरेत देऊ नये'. किती मिलि घालायचं ते कॅथेटरच्या क्लॅम्पवरच छापलेलं असतं. लाल आणि निळ्या बाजूचा आकडा वेगळा असू शकतो, सिस्टरना तो वाचून घालायला सांगा. संध्याकाळी दोन-तीन सिरिंजा उरतात, त्या टाकतो. खरेदी विभाग कुरकुरतो, पण ५०० मिग्रॅच्या एका व्हायलमधून अशा बऱ्याच सिरिंजा निघतात, तेव्हा नुकसान हेपॅरिनचंच काय ते.