स्नोमोबाइल चालता चालता बंद पडते. टेदर आणि थ्रॉटलचा सेफ्टी स्विच बायपास करू का?

नका करू. दोन्हींपैकी एकही नाही. टेदर म्हणजे चालकाच्या अंगाला अडकवलेली दोरी; तो पडला की तिच्या टोकाची टोपी स्विचवरून निघते आणि इंजिन बंद होतं.

तुम्ही लिहिलंय की मशीन जुनं टू-स्ट्रोक आहे, दोन कार्ब्युरेटरचं. थंडीत इंजिन आयडलिंगवर नीट टिकत नव्हतं म्हणून तुम्ही आयडलिंग स्क्रूने वाढवलंत, आणि त्यानंतर अंगठा सोडला की इंजिन मरायला लागलं. कुणीतरी सांगितलं, 'थ्रॉटलच्या ब्लॉकमधला कनेक्टर काढून टाक, टेदरही शॉर्ट कर.' हा सल्ला मी इतक्या वेळा ऐकलाय की आता राग येतो. दोष तुमच्याच वर्णनात आहे आणि तो स्विचमध्ये नाही.

अंगठ्याने दाबायच्या थ्रॉटलच्या खटक्यामागचा तो छोटा स्विच केबलचा ताण बघतो. कार्ब्युरेटरच्या स्प्रिंगा स्लाइड (हवेची वाट उघडणारा-मिटणारा सरकता भाग) खाली दाबतात, त्यामुळे केबल कायम ताणलेली राहते. बर्फाचा भुगा आत गेला किंवा केबलमधलं पाणी गोठलं की स्लाइड वरच अडकते. अशा वेळी अंगठा सुटला तर खटका मागे येतो, केबल ढिली पडते आणि स्विच ठिणगी तोडतो. यामाहाच्या जुन्या मशीनांवर हेच काम टॉर्स नावाची व्यवस्था करते. तिथे कार्ब्युरेटरवरही स्विच असतात आणि क्लच पकडणार नाही इतक्या कमी रेसवर इंजिन रोखलं जातं.

आता तुम्ही स्क्रू आत घेतलात. स्लाइड स्क्रूवर टेकून वर राहिली आणि केबलमध्ये ढील आली. स्विचला ही ढील आणि बर्फाने अडकलेली स्लाइड यांतला फरक कळत नाही, कळायलाही नको. त्याने आपलं काम चोख केलं.

दुरुस्ती अशी: इंजिन बंद. दोन्ही आयडल स्क्रू सारखेच सेट करा, दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलायला हव्यात. मग केबलच्या ॲडजस्टरचं लॉकनट सैल करून ढील काढा. पोलारिसच्या कार्ब्युरेटरवाल्या मशीनांना खटका आणि ब्लॉक यांत साधारण 0.25 ते 0.75 मिमी फट ठेवतात. फीलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्या) घाला, डोळ्याने अंदाज करू नका. नट घट्ट केल्यावर इंजिन चालू करा आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. वळवताना रेस वाढली तर केबल जास्त ताणली गेलीय. हे उलट टोक अधिक वाईट, कारण फार ताणलेल्या केबलमध्ये स्लाइड थोडी अडकली तरी ढील दिसतच नाही आणि स्विच आंधळा होतो. पुढे कधीही आयडलिंग वाढवलंत तर केबलची फट पुन्हा मोजायची.

टेदरचा मुद्दा वेगळा आहे आणि त्यावर मी जास्त लिहिणार आहे. माझ्या टेबलावर आलेल्या एका मशीनचा टेदर कुणी काढला नव्हता, बायपास केला नव्हता, टोपी जागेवर घट्ट बसत होती. तरी टोपी उपटल्यावर इंजिन चालूच. हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण दाबलं की बंद व्हायचं, म्हणजे सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि तिथपर्यंतची मुख्य वायर ठीक. स्विच सोडवून मल्टिमीटर लावला: टोपी काढली की 1 ओहमच्या आत, टोपी बसवली की अनंत. स्विचही ठीक. मग अर्थची काळी वायर. हँडल सरळ असताना ती जोडलेली दाखवत होती, डावीकडे वळवलं की तुटलेली. स्टिअरिंगच्या दांड्यापाशी प्लास्टिकच्या पट्ट्याने ती इतकी आवळली होती की इन्सुलेशन अखंड आणि आतल्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटलेल्या. वरून काही दिसत नव्हतं. बोटांनी वाकवल्यावर एका जागी ती सुतासारखी मऊ लागली.

हे का घडू शकतं ते समजून घ्या. जुन्या मॅग्नेटो-सीडीआय मशीनांमध्ये बहुतेक ठिकाणी इंजिन बंद करायला वायर अर्थला लावावी लागते. टोपी निघाली की स्विच जोडतो आणि ठिणगी अर्थमध्ये जाते. अशा सर्किटमध्ये वायर तुटली, कनेक्टर गंजला, तर इंजिन एकदाही खोकत नाही, मजेत चालतं. टेदर मेलाय हे तुम्हाला पडल्यावरच कळणार. दुसऱ्या प्रकारात सर्किट जोडलेलं असेल तरच इंजिन चालतं, वायर तुटली तर मशीन बंद. लोक या दुसऱ्या प्रकाराला 'कटकटीचा' म्हणतात. मला तोच प्रकार हवा असतो, कारण तो स्वतःचा आजार सांगतो.

बाहेरून नवा टेदर घेताना म्हणूनच आधी आपलं सर्किट कुठलं ते बघा. अर्थने बंद होणारं असेल तर टोपी बसवल्यावर उघडा राहणारा स्विच, किल वायर (इंजिन बंद करणारी वायर) आणि अर्थ यांच्यामध्ये, लाल बटणाला समांतर. जोडलेलं असेल तरच चालणारं असेल तर टोपी बसवल्यावर जोडलेला स्विच, त्या सर्किटच्या तारेतच मधे. उलटा घेतलात तर टोपी बसवली की बंद आणि काढली की चालू. स्की-डूच्या डेस प्रकारात टोपीतच कोड असतो. दुसऱ्या मशीनची टोपी लावलीत तर इंजिन मशीन हलण्याइतकी रेस घेत नाही. तिथे कापाकापी करू नका.

रोजची चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे. चालू करण्याआधी खटका पूर्ण दाबून सोडा, तो टक्कन परत यायला हवा. चालू केल्यावर हँडल सरळ ठेवून टोपी उपटा, मग हँडल डावीकडे, मग उजवीकडे ठेवून पुन्हा उपटा. तिन्ही वेळा तत्क्षणी बंद. लाल बटण वेगळं तपासा. स्टार्टरची दोरी ओढण्याआधी टेदर अंगाला लागलेला हवा. बाहेर उभं राहून चालू केलेलं, थ्रॉटल गोठलेलं मशीन एकटंच पळतं.

एक आक्षेप खरा आहे. डोंगर-उतारावर आडवं चालवताना दोन्ही पाय एकाच फूटबोर्डवर असतात. दोरी आखूड असेल तर चढावर नको तेव्हा टोपी निघते आणि मशीन मागे घसरतं. यावर उपाय लांबी. त्याच बाजूच्या फूटबोर्डवर, सर्वांत दूरच्या ठिकाणी उभं राहून मोजा, गुंडाळीची दोरी घ्या, आणि जाकिटाच्या शिवलेल्या कडीला अडकवा. चेनच्या ओढणीला नको, ती आधी तुटते. थंडीत कडक झालेली, चिरलेली दोरी बदला. स्विचच्या संपर्कांना डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात पुरे, थापू नका.

आणि एक राहिलं. फार तापलेलं टू-स्ट्रोक कधीकधी ठिणगीशिवायही चालत राहतं, तेव्हा टेदर-बटण दोन्ही काम करूनही इंजिन थांबत नाही. चोक पूर्ण ओढा, पेट्रोलने गुदमरून थांबेल, ब्रेक धरून ठेवा. इंजेक्शनवाल्या फोर-स्ट्रोकवर वरचं केबलचं मोजमाप लागू करू नका, तिथे मशीनचं मॅन्युअलच बघा.

ज्याने तुम्हाला कनेक्टर काढायला सांगितलं त्याला विचारा: आयडल स्क्रू फिरवल्यानंतर केबलची फट मोजली होती का?