शेमा: ‘ऐक’ की ‘श्रवण कर’?

प्रश्न असा आहे: ज्यू धर्माचं सार ‘शेमा’ या वचनात आहे म्हणतात, पण शेमाचा अर्थ नुसता ‘ऐक’ असेल, तर त्यात श्रद्धा कुठे आली? आणि त्याला मराठीत प्रार्थना म्हणावं का?

वचन तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाच्या, पाचव्या ग्रंथातलं; त्या ग्रंथाचं मराठी नाव ‘अनुवाद’, वचन 6:4. ‘शेमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एखाद.’ ऐक इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच. इथला इस्राएल म्हणजे 1948 साली स्थापन झालेला देश नव्हे; ते याकोब या पूर्वजाला मिळालेलं नाव, पुढे त्याच्या वंशजांचं झालं. म्हणजे हाक माणसांना आहे, देवाला नाही, आणि मागणं तर काहीच नाही. म्हणून ‘प्रार्थना’ मला बसत नाही. ‘शेमा’च राहू द्यावं.

आता ‘ऐक’. हिब्रूतल्या या धातूत कानावर पडणं आणि सांगितलेलं मानणं, दोन्ही आहे. आपल्याकडेही तसंच! ‘पोरगा माझं ऐकत नाही’ म्हणणाऱ्या आईला त्याच्या कानांबद्दल काही म्हणायचं नसतं. सीनाय पर्वतापाशी देवाच्या आज्ञा मिळाल्या, तेव्हा इस्राएल लोकांनी दिलेलं उत्तर आहे ‘नआसे वेनिश्मा’, करू आणि ऐकू. करणं आधी! मैमोनिदीस या ज्यू तत्त्वज्ञाने बाराव्या शतकात श्रद्धेची 13 तत्त्वं सांगितली: देव एक, निराकार, तोरा त्याने दिलेली, मशीहा (तारणहार) येणार वगैरे. पण परंपरेने मोजलेल्या आज्ञा 613 आहेत. मानणं दिसतं ते पाळण्यात. म्हणून ‘श्रवण कर’ हे भारदस्त भाषांतर मला पटत नाही. श्रवण कीर्तनाचं होतं, त्यात ‘पाळ’ हा अर्थ येत नाही. साधं ‘ऐक’ दोन्ही अर्थ पेलतं.

जाता जाता: ‘एखाद’ आणि आपलं ‘एखादा’ यांचं नातं नाही, सारखेपणा निव्वळ योगायोगाचा. अर्थ तर उलटेच. एखादा म्हणजे कुठलाही एक. एखाद म्हणजे ज्याच्यासारखा दुसरा नाही असा एक.

शेमा सकाळ-संध्याकाळ म्हणतात, शक्य असेल तर मरतानाही ओठांवर असावा अशी इच्छा असते. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ‘शनिवार तेल्यां’ची, परंपरा सांगते की हिब्रू विसरली, बोली मराठी झाली, तरी शब्बाथ (शनिवारची विश्रांती), सुंता आणि हे एक वचन टिकलं. कुठल्याही प्रसंगी ते हेच म्हणत: शेमा यिस्राएल.