घराणं आणि साल

पोरी,

चिनी सम्राटांवरच्या तुझ्या लेखाचा खर्डा आणि सोबतची चिठ्ठी काल रात्री वाचली. 'ताइझोंगने थोरल्या भावाला मारून गादी घेतली, की भाऊ गेल्यावर ती त्याच्याकडे आली?' असं विचारलंयस. दोन्ही खरं आहे, कारण माणसं दोन आहेत. ६२६ मध्ये शुआनवू दरवाज्यापाशी भावाला बाण मारणारा ली शिमिन हा तांग घराण्याचा ताइझोंग. ९७६ मध्ये भावामागून गादीवर बसला तो सोंग घराण्याचा. साडेतीनशे वर्षांचं अंतर, आणि तू दोघांना एका परिच्छेदात कोंबलंस!

घराणं लिही. घराण्याशिवाय हे नाव कागदावर उतरवूच नकोस. ते आईबापांनी ठेवलेलं नसतं. राजा वारला की घराण्याच्या पूर्वजमंदिरात त्याची पाटी बसते, त्या पाटीसाठी ते देतात. एका घराण्याच्या मंदिरात ताइझोंग एकच, त्यामुळे तिथे कुणाचा घोटाळा होत नसे. सगळ्या मंदिरांतल्या पाट्या एका टेबलावर आणतो ते आपण. मंगोलांचा ओगेदेईही ताइझोंग, मांचूंचा होंग ताइजीही. मिंगांच्या योंगल सम्राटाची पाटी तर शंभराहून अधिक वर्षं ताइझोंग होती. १५३८ मध्ये वंशजाने ती बदलून चेंगझू केली.

माझं सांगतो. तिशीत मी तांग शुआनझोंगवर लेख छापला. आन लूशानच्या बंडात, ७५६ मध्ये राजधानी सोडून पळालेला राजा तो. त्याच्याच नावावर मी ८४५ च्या छळानंतर बौद्ध मठ पुन्हा उभे करण्याचं श्रेय टाकलं. ते काम दुसऱ्याच, नंतरच्या शुआनझोंगचं. घराणं लिहिलं होतं मी! पण दोघेही तांगच. चिनी लिपीत दोघांचं 'शुआन' वेगळं, रोमनमध्ये आणि देवनागरीत एकच. मला चिनी येत नव्हतं, हाताशी इंग्रजी पुस्तकं, काय करणार होतो? तरी सनावळी मांडली असती तर ७१२ ला गादीवर आलेला माणूस ८४६ नंतर मठ उघडत नाही हे दिसलंच असतं. दुरुस्ती छापा म्हणून गेलो, तर 'कोण वाचतंय एवढं' असं उत्तर मिळालं. मी गुमान परतलो. तिथे भांडायला हवं होतं. तो अंक अजून वाचनालयांत आहे.

म्हणून घराणं आणि साल. दर वेळी. 'संदर्भावरून कळतं' हे मला ऐकवू नकोस, तुला तरी कुठे कळलं?

आणि जे आपल्या जवळचं, तेच तू दोन ओळींत उरकलंस. पुलकेशीच्या महाराष्ट्राबद्दल लिहून ठेवणारा ह्युएन त्संग ६४५ मध्ये तांगांच्या राजधानीला, चांगआनला परतला तो तांग ताइझोंगच्या राज्यात, आणि ६६४ मध्ये वारला तो तांग गाओझोंगच्या. तो भाग वाढव, तुला छान जमेल. खर्ड्यात जिथे नुसतं नाव आहे तिथे पेन्सिलीने खुणा केल्यात. रविवारी ये, येताना सनावळीचा कागद आण.