ब्रिटनमध्ये फिजिओथेरपी : यंत्रांवरचा अनुभव धरला जातो का?

बीपीटी या फिजिओथेरपीच्या पदवीनंतर सांगलीतल्या क्लिनिकमध्ये आयएफटी (विद्युतप्रवाहाचा उपचार), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा शेक) आणि ट्रॅक्शनवर (मणक्याला ताण देणे) केलेले काम ब्रिटनमध्ये अनुभव म्हणून धरले जाईल का, असे आपण विचारले आहे. धरले जाईल, परंतु कोणते यंत्र किती मिनिटे लावले याला येथे फारसे महत्त्व नाही; रुग्ण तपासून आपण काय निष्कर्ष काढला आणि तो कशावरून काढला, हे विचारले जाते.

नोंदणीचे थोडक्यात सांगतो. 'फिजिओथेरपिस्ट' हे पदनाम येथे कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल या नियामक संस्थेच्या नोंदणीविना ते वापरता येत नाही. आयईएलटीएस अकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७ आणि प्रत्येक घटकात किमान ६.५ गुण लागतात. अभ्यासक्रमाची माहिती महाविद्यालयाकडून भरून घ्यावी लागते. विषयवार तास आणि इंटर्नशिपमधील विभागांच्या नोंदी मिळवण्याच्या मागे आताच लागावे.

खरी तयारी मात्र विचारपद्धतीची आहे. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या ब्रिटिश संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंड, टेन्स (त्वचेवरून सौम्य विद्युतप्रवाह), आयएफटी, ट्रॅक्शन आणि कमरेचा पट्टा देऊ नये असे स्पष्ट म्हटले. ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या (सांध्यांची झीज) २०२२ च्या सूचनांनीही विद्युत उपचार नाकारून व्यायाम सर्वांना द्यावा असे सांगितले. आपल्याकडे दहा सिटिंगचे पैसे भरलेला रुग्ण 'मशीन लावा' म्हणतो, तेव्हा त्याला नाही म्हणणे किती अवघड असते हे मी जाणतो. तरीही दुखणे कशामुळे असावे, कोणती शक्यता का वगळली, कोणती हालचाल मोजली आणि पुढच्या भेटीत काय बदलले, हे प्रत्येक रुग्णामागे एका वहीत लिहून ठेवण्यास कोणाची हरकत नसते. पेड्रो हा फिजिओथेरपीवरील संशोधनाचा ऑनलाइन संग्रह मोफत आहे. रोजच्या रुग्णांविषयीचे प्रश्न घेऊनच तो वाचावा.

मुलाखतीत असा प्रश्न येऊ शकतो : कंबरदुखीच्या रुग्णाच्या जांघेत आणि बैठकीच्या भागात बधिरपणा आला आहे, लघवीही अडते आहे, आपण काय कराल? अशा वेळी व्यायाम सांगणे धोक्याचे आहे. कॉडा इक्वायना सिंड्रोमचा (मणक्याच्या तळाशी असलेल्या नसा दाबल्या जाणे) संशय घेऊन रुग्णाला त्याच क्षणी तातडीच्या विभागात पाठवायचे असते. जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात डॉक्टरांआधी फिजिओथेरपिस्टच रुग्ण पाहतो अशी पदे येथे आहेत. म्हणून या निर्णयाची जबाबदारी आपलीच असते.

रुग्णांच्या नोंदींची ती वही येथे आल्यावरही चालू ठेवावी, कारण दर दोन वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण होताना २.५ टक्के नोंदणीधारकांकडून सततच्या शिक्षणाचा पुरावा मागवला जातो.